अडीच मिनिटांचं इंग्रजी: सिनेमाच्या ट्रेलरवर कान तयार करण्याचा माझा अकरा महिन्यांचा अनुभव

आमच्या कामात ट्रेलर म्हणजे चाळीस फुटी कंटेनर ओढत न्हावाशेव्याला नेणारी लांबलचक गाडी. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी चौदा वर्षं डिस्पॅच सांभाळते, त्यामुळे दिवसातून दहा वेळा हा शब्द तोंडात येतो. आज लिहितेय ते मात्र सिनेमाच्या ट्रेलरबद्दल. गेले अकरा महिने कंपनीच्या बसमध्ये मी यूट्यूबवर इंग्रजी ट्रेलर बघतेय, करमणुकीसाठी नाही, इंग्रजी ऐकायला शिकण्यासाठी. त्यातून काय मिळालं आणि काय नाही मिळालं, ते माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्या माणसांना उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी माझी अडचण सांगते, कारण ती बऱ्याच जणांची आहे. मी पाचवीपासून इंग्रजी शिकले. आमच्या वेळी तसंच होतं, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. व्याकरण पक्कं, मेल लिहिताना कुठे अडत नाही. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग सगळं इंग्रजीतच करते. पण इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा किंवा अमेरिकेतल्या मिशिगनचा कस्टमर कॉलवर बोलायला लागला की कान बंद. तोच माणूस तेच वाक्य चॅटमध्ये टाईप करतो तेव्हा एकही शब्द अनोळखी नसतो. म्हणजे शब्द माझ्याकडे होते, त्यांचे आवाज नव्हते. आम्हाला इंग्रजी डोळ्यांनी शिकवलं गेलं. शाळेत दहावीपर्यंत एकाही इंग्रज किंवा अमेरिकन माणसाचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

गेल्या वर्षी त्यातूनच एक घोळ झाला. कस्टमर म्हणाला, पंधरा बॉक्स मागे ठेवा. मी ऐकलं पन्नास. फिफ्टीनचं फिफ्टी. संध्याकाळी पॅलेट जुळेनात तेव्हा मॅनेजर साहेबांच्या लक्षात आलं आणि गाडी निघायच्या आत सगळं निस्तरलं. कुणी मला ओरडलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा वर्षांच्या कामात आकडा चुकलेला नव्हता.

आमच्या भागातला एक स्पोकन इंग्लिशचा क्लास माझा त्याआधीच करून झाला होता. साडेसात हजार रुपये, तीन महिने. तिथे बोलायची भीड गेली, हे खरं. पण तिथलं सगळं बोलणं आपल्याकडच्या इंग्रजीत, प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ. ते मला आधीपासूनच कळत होतं. मग मोबाईलवरचं एक ॲप घेतलं. त्यातली बाई इतकं सावकाश बोलायची की तसं जगात कुणीच बोलत नाही. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, दोन तासांचे सिनेमे कुठे बघत बसतेस, ट्रेलर बघ. आणि एकच बघ, आठवडाभर."

त्या "एकच, आठवडाभर"मध्ये सगळं आहे. ट्रेलर सर्वसाधारणपणे अडीच मिनिटांच्या आत संपतो. त्यातलं बोलणं माझ्या वहीतल्या मोजणीप्रमाणे शंभर-दीडशे शब्दांचं, बाकी संगीत आणि धडाम-धुडूम. दोन तासांचा सिनेमा कुणी वीस वेळा ऐकणार नाही. शंभर शब्द वीस वेळा ऐकता येतात, कंटाळा न येता. आणि कान तयार होतो तो तेच तेच ऐकूनच. गाणं शिकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझी पद्धत अशी बसत गेली. सोमवारी सबटायटल बंद ठेवून ऐकायचं आणि ऐकू येईल ते वहीत लिहायचं, अर्धवट असलं तरी. अक्षर देवनागरीत काढायचं. हे महत्त्वाचं आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहायला गेलं की डोकं ओळखीचा शब्द शोधतं आणि कान बाजूला पडतो; देवनागरीत मात्र जे ऐकलं तेच उतरतं. मंगळवारी वेग पाऊण पट करून तेच. बुधवारी सबटायटल लावून लाल पेननं वही तपासायची. गुरुवारी त्यांच्याबरोबर पुटपुटायचं, त्याच वेगात. शुक्रवारी पुन्हा सबटायटलशिवाय, पूर्ण वेगात. स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की दहा सेकंद मागे जातं, सेटिंगमध्ये वेग बदलता येतो, व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागत राहील अशीही सोय आहे. यासाठी एक रुपया पडत नाही. दिघीहून चाकणला जाताना मोशीच्या पुढे आमची बस रोज खोळंबते, त्यामुळे वेळेचीही कमी नाही.

बुधवारच्या लाल पेननं मला जे दाखवलं ते कुठल्याही पुस्तकात मी वाचलं नव्हतं. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका ट्रेलरमध्ये एक माणूस फोनवर काहीतरी सांगतो, मी लिहिलं "टेलर आयम सॉरी". दोन दिवस मी त्या टेलर नावाच्या पात्राला शोधत होते. सबटायटल लावलं तर "टेल हर". म्हणजे "हर"मधला ह गायब! मग वही मागे उलटून बघितली तर सगळीकडे हेच. "लेट हिम" ऐकू येतं "लेटिम". "हॅव टू" होतं "हॅफ्टू". "शुड हॅव"चं "शुडव". "व्हॉट आर यू गोइंग टू डू" हे सहा शब्द तोंडातून बाहेर येतात "व्हॉच्य गना डू" असे. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. ही माणसं वाक्यातल्या एक-दोन शब्दांवर सगळा जोर टाकतात आणि बाकीचे शब्द गिळून टाकतात. ती वेगात बोलतात असं मला इतकी वर्षं वाटायचं. खरं तर ती शब्द गिळतात. हे एकदा कळलं आणि माझी निम्मी भीती गेली, कारण गिळायचेसुद्धा ठरलेले नियम आहेत. आणि गिळले जाणारे शब्द थोडेच आहेत, तेच तेच: टू, ऑफ, हॅव, हिम, हर, देम, कॅन.

कॅनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण डिस्पॅचवाल्यांसाठी याहून महत्त्वाचा शब्द नाही. अमेरिकन माणूस "आय कॅन डू इट" म्हणतो तेव्हा त्यातला कॅन जवळजवळ ऐकूच येत नाही. "आयक्न डू इट", बस. आणि "आय कॅन्ट" म्हणायचं असतं तेव्हा तो शेवटचा ट जिभेवरच अडवून ठेवतो, पण आधीचा "कॅन" मात्र भरघोस, स्वच्छ उच्चारतो. म्हणजे आपल्या कानाला स्पष्ट "कॅन" ऐकू आला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा "जमणार नाही" असा असतो! मी वर्षानुवर्षं उलटं समजत होते. इंग्लंडची माणसं "कान्ट" म्हणतात, तिथे हा प्रश्नच येत नाही. ट्रेलरमध्ये "यू कॅन्ट डू धिस" आणि "वी कॅन डू धिस" या धाटणीची वाक्यं इतकी येतात की या एका शब्दाचा सराव त्यांच्याइतका कशानेच होणार नाही.

आणि माझे पंधरा-पन्नास. शाळेत सांगतात की फिफ्टीनमध्ये जोर शेवटी, फिफ्टीमध्ये सुरुवातीला. एकटा शब्द असेल तर तसंच होतं. पण पुढे "बॉक्सेस", "इयर्स", "मिनिट्स" असं काही आलं की फिफ्टीनमधला जोरसुद्धा सुरुवातीला सरकतो आणि दोन्ही सारखेच वाटायला लागतात. तिथे जोराच्या मागे लागायचं नाही, शेवटची लांब ई आणि न ऐकायचा. थर्टी-थर्टीनमध्ये आणखी एक खूण आहे: अमेरिकन माणसाचा थर्टी "थर्डी"सारखा मऊ येतो, थर्टीनमधला ट मात्र कडक राहतो. ट्रेलरमध्ये आकडे भरपूर, कारण कुणाकडे तरी नेहमी थोडेच तास शिल्लक असतात. माझ्या वहीची शेवटची चार पानं फक्त आकड्यांची आहेत.

कुठले ट्रेलर घ्यायचे, यात मी सुरुवातीला दोन महिने वाया घालवले. नवे, गाजलेले, मारधाडीचे घेतले. त्यात माणसं कुजबुजतात नाहीतर किंचाळतात, आणि शब्दाच्या नेमक्या शेवटावर ढोल बडवतात, की गेलं शेवटचं व्यंजन. सुरुवात करणाऱ्यांनी मागे जावं. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन ट्रेलरमध्ये एक भारदस्त आवाज सगळी गोष्ट सांगायचा. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध आवाज डॉन लाफाँटेन यांचा. "इन अ वर्ल्ड" अशी सुरुवात त्यांच्याच नावाशी जोडली गेली आहे. हजारो ट्रेलरना त्यांनी आवाज दिला, २००८ साली ते गेले. स्टुडिओत बसून, कागद समोर ठेवून वाचलेला तो आवाज असतो, त्यामुळे शब्दन् शब्द सुटतो आणि तरीही तो खरा अमेरिकन असतो. पुढे ही निवेदनाची पद्धत मागे पडली, आता बहुतेक ट्रेलर पात्रांच्या संवादांवरच चालतात. म्हणून जुने आधी.

दुसरी चांगली जागा म्हणजे निसर्गपटांचे ट्रेलर. निसर्गपटांचे ब्रिटिश निवेदक सर डेव्हिड ॲटनबरो यांचं इंग्रजी ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की ब्रिटिश इंग्रजी आपल्याला कळू शकतं. सावकाश, पण कृत्रिम नाही. वाक्याच्या मध्ये ते जिथे थांबतात तिथे आपल्याला मागचं जुळवायला वेळ मिळतो. ॲनिमेशनचे ट्रेलरही सोपे, कारण ते आवाज स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले असतात, आजूबाजूला गोंगाट नसतो. माझी मुलगी आठवीत आहे, तिच्याबरोबर मी तेच बघते.

बर्मिंगहॅमसाठी मात्र मला वेगळं शोधावं लागलं. आमचा तिथला कस्टमर ॲटनबरोंसारखा बोलत नाही! "अप"ला तो "उप"च्या जवळचं काहीतरी म्हणतो, "मंडे"चं "मून्डे"सारखं होतं. भाचीनं २०१९चा फोर्ड व्हर्सेस फेरारी हा सिनेमा सुचवला. त्यातला रेसिंग ड्रायव्हर केन माइल्स हा खरा माणूस, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा, आणि त्याची भूमिका करणाऱ्या ख्रिश्चन बेलनं त्या भागाचा लहेजा पकडायचा प्रयत्न केलाय. (इंग्लंडमध्ये हाच सिनेमा वेगळ्या नावानं लागला होता, शोधताना दोन्ही नावं दिसतील.) तो ट्रेलर मी दोन आठवडे धरून बसले. मोटारींचा विषय असल्यानं माझा जीवही त्यात रमला. त्याच्या पुढच्या कॉलला कस्टमरचा "मून्डे" मला पहिल्या झटक्यात कळला.

एक युक्ती आपल्याकडच्या लोकांसाठी. मोठ्या हॉलीवूडपटांचे हिंदी डब केलेले ट्रेलर स्टुडिओच टाकतात. अर्थ अडला की डिक्शनरी उघडण्याआधी तोच ट्रेलर हिंदीत बघा. शब्दाला शब्द मिळत नाही, पण प्रसंग काय आहे, कोण चिडलंय, कोण विनवतंय ते कळतं आणि मग इंग्रजी वाक्य मनात घट्ट बसतं. फक्त क्रम पाळा: आधी इंग्रजी ऐकून अंदाज, मग हिंदी. उलटं केलं तर कान काम करत नाहीत.

आता शब्दसंग्रह. इथे मला हात आखडता घ्यावा लागतो. "ट्रेलरमधून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवा" असं म्हणतात, त्यावर फार विसंबू नका. सूड, विश्वासघात, शिकार, वारसा, जगणं-मरणं यांचे सगळे इंग्रजी शब्द तुम्हाला मिळतील. थकबाकी, तुटवडा, मुदतवाढ यांतला एकही नाही. माझ्या वहीत बिट्रेयल पहिल्याच महिन्यात आलं, ते ऑफिसमध्ये कुठे वापरू?

एक गोष्ट मात्र भरभरून मिळते: जोडशब्दांची क्रियापदं. फिगर आउट, शो अप, टर्न आउट, होल्ड ऑन, गिव्ह अप, रन आउट. आपल्याला शाळेत यांऐवजी लांबलचक लॅटिन वळणाचे शब्द शिकवले, आणि बोलताना ती माणसं हेच छोटे शब्द वापरतात. "रन आउट" म्हटलं की मला फक्त क्रिकेट आठवायचं. "रनिंग आउट ऑफ टाइम" हे वाक्य इतक्या ट्रेलरमध्ये ऐकलं की एका कॉलवर कस्टमर "रनिंग आउट ऑफ स्टॉक" म्हणाला तेव्हा मला भाषांतर करावंच लागलं नाही. माल संपत आलाय हे थेट कळलं.

आणखी एक जागा, जिच्याकडे कुणी बघत नाही. अमेरिकन ट्रेलरच्या सुरुवातीला बऱ्याचदा ट्रेलर दाखवायला मंजुरी असल्याची हिरवी पाटी येते, आणि शेवटी वयाबद्दलची बारीक अक्षरं. त्यात अप्रूव्ड, अकम्पनीइंग, कॉशन्ड, इनॲप्रोप्रिएट, गार्डियन असे शब्द असतात. हे सगळे कामाचे, पत्रव्यवहारातले. मी व्हिडिओ थांबवून ती पाटी मोठ्यानं वाचते. ट्रेलरमधलं सगळ्यात उपयोगी लिखित इंग्रजी तिथे आहे, असं मी ठामपणे म्हणेन. मुलांबरोबर बघणाऱ्यांनी तर ती आधीच वाचावी, कारण लाल पाटीचे, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचे ट्रेलर असतात त्यांत शिव्या आणि रक्तपात असू शकतो.

उणिवा आहेत, त्याही सांगते. ट्रेलर म्हणजे तुकडे. प्रश्न एका प्रसंगातला, उत्तर दुसऱ्याच प्रसंगातलं, मधलं सगळं कापलेलं. त्यामुळे सलग पाच मिनिटं कुणाचं बोलणं धरून ठेवायची सवय यातून लागत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतली श्रवण चाचणी ज्यांना द्यायची आहे त्यांनी फक्त ट्रेलरवर जाऊ नये. तिथे साधारण अर्ध्या तासात चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. दहा सेकंद मागे जायची सोय तिथे नाही. मला स्वतःला ही सवय सोडवायला मुद्दाम महिन्यातून दोनदा न थांबता ऐकायचा नियम करावा लागला. शिवाय यंत्रानं आपोआप काढलेली सबटायटल असतील तर ढोलाच्या आवाजात ती हमखास चुकतात. माझी लाल खूण दोन-तीनदा चुकीच्या शब्दावर बसली. माणसानं लिहिलेली सबटायटल असलेलेच ट्रेलर निवडा. सबटायटलच्या यादीत "ऑटो-जनरेटेड" लिहिलंय का ते बघितलं की कळतं. आणि एक सावधगिरी: ट्रेलरमधली वाक्यं जशीच्या तशी बोलू नका. "बॅक ऑफ" ऐकून समजायला ठीक आहे, कस्टमरला म्हणायला नाही.

आकड्यांत सांगायचं तर कानांसाठी मी पाचपैकी साडेचार गुण देते, शब्दांसाठी अडीच, बोलण्यासाठी दोन. रोजची वीस मिनिटं, चांगले वायरवाले इयरफोन आणि एक शंभर पानी वही, एवढंच लागतं. वही लागतेच. नुसतं बघत राहिलात तर महिन्याभरात खूप ट्रेलर बघितलेले असतील, एवढंच.

जाता जाता, भाचीनं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. सिनेमाच्या जाहिरातीला ट्रेलर म्हणतात कारण १९१०च्या दशकात ती मूळ चित्रपट संपल्यावर, त्याच्या मागून दाखवायचे. मागून ओढत येतो तो ट्रेलर. म्हणजे आमच्या गाडीचा आणि तिच्या सिनेमाचा शब्द एकच निघाला.

मागच्या गुरुवारी मिशिगनचा कॉल होता. दुसरा लॉट या आठवड्यात घेण्याबद्दल तिथला माणूस बोलत होता, आणि त्याच्या वाक्यात मला "कॅन" ऐकू आला. स्वच्छ, भरघोस, शेवटी किंचित अडकलेला. आमच्या बाजूचे दोघं मान डोलावत होते. मी माईक चालू करून विचारलं, "यू मीन यू कॅनॉट?" तो म्हणाला, "राइट, वी कॅन्ट," पुन्हा तसाच ट गिळून. गेटवर ट्रेलर लागलेला होता. कॉल चालू असतानाच मी लोडिंग बेला फोन करून माल चढवायचं थांबवलं.